वाटीभर उसनी धूळ

"सात दिवस केर काढायचा नाही," असं अपर्णानं सांगितलं, तेव्हा वनमालाबाईंच्या हातात केरसुणी होती. ती त्यांनी खाली ठेवली नाही. सात दिवस श्वास घेऊ नका म्हटल्यावर माणूस ज्या नजरेनं पाहील, त्या नजरेनं त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"सात दिवस?"

"फक्त हॉलचा, आई. आठव्या दिवशी गंधाली येईल. तेव्हा दोन चमचे धूळ या पाकिटात भरून तिला द्यायची. बस."

"धूळ द्यायची? घरी आलेल्या पोरीले?"

"ती रिसर्च करून राहिली ना कॉलेजात. घरातल्या धुळीत काय काय केमिकल असतात, शिसं असतं का, रांगत्या मुलांच्या पोटात किती जातं, ते तपासते. दर गल्लीतून लहान मूल असलेलं एक घर घेतलंय. आपल्या गल्लीतून आपण."

"आपण काहून? आपल्या घरी कुठी आहे धूळ?"

हा प्रश्न गर्वाचा नव्हता, खराच होता. रायपूरच्या हवेत एक काळी, मऊ भुकटी असते. सकाळी गच्चीवर अनवाणी गेलं की तळव्याला काजळ लागतं. ही भुकटी शंकर नगरातल्या सगळ्या घरांत न विचारता शिरते. वनमालाबाईंच्या घरात मात्र ती उंबऱ्यापाशीच थबकत असावी. पहाटे एकदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा असा तीनदा केर निघायचा. मग फरशी पुसायची, मग दारं-खिडक्या नारळाच्या काथ्यानं घासायच्या. चाळीस वर्षं हा नेम चालला होता. आणि अकरा महिन्यांपूर्वी ईरा जन्मली, ती रांगायला लागली, तेव्हापासून तर त्यांच्या केरसुणीला कंठ फुटला होता. त्या झाडताना गुणगुणत,

"अंगण झाडिते, घर मी सारविते,
रांगत्या पावलांची, वाट मी आवरिते."

अशा बाईला सात दिवस झाडू नको म्हणणं म्हणजे कोकिळेला आंब्यावर बसवून चोच बांधणं. पण नातीच्या तब्येतीचं काम म्हणून त्यांनी मान डोलावली आणि केरसुणी दाराआड उभी केली.

पहिला दिवस त्यांनी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून काढला. दुसऱ्या दिवशी हॉलकडं पाठ करून भाजी निवडली. तिसऱ्या दिवशी ईरा हॉलभर रांगून आली आणि तिनं आजीपुढं दोन्ही पंजे पसरले. पंजे काळे होते. ते तिनं हसत हसत तोंडात घातले.

"अवं बाप्पा!" वनमालाबाईंनी ते ओढून पदरानं पुसले.

चौथ्या दिवशी अपर्णा विमा कचेरीत गेल्यावर त्यांनी केरसुणी घेतली. पूर्ण हॉल नाही झाडायचा, असं ठरवलं. फक्त ईरा रांगते तेवढी वाट. पण ईराची वाट म्हणजे दिवाणाखालून निघून टीव्हीला वळसा घालून, खिडकीला धरून उभं राहून, चपलांच्या कपाटापर्यंत जाणारी. एका लेकराची वाट आवरता आवरता सगळा हॉल आरशासारखा झाला. पाचव्या नि सहाव्या दिवशी तर काही ठरवावंही लागलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी अपर्णा फोनवर बोलत होती. पलीकडं निरंजन होता, वनमालाबाईंचा मुलगा, नोकरीनं बिलासपूरला असायचा.

"अरे, आईंनी कमाल केली! सात दिवस केरसुणीला हात नाही लावला. मला वाटलं होतं दुसऱ्या दिवशीच हार मानतील. तुझ्या आईसारखी बाई नाही, खरंच!"

स्वयंपाकघरात वनमालाबाईंच्या हातातली पोळी तव्यावर वाकडी पडली. सुनेनं नावं ठेवली असती तर त्यांनी कबूल केलं असतं. कौतुकाला उत्तर कसं द्यायचं, ते त्यांना येत नव्हतं.

सून कामावर गेल्यावर त्यांनी पाकीट घेऊन हॉल धुंडाळला. दिवाणाखाली काही नाही, पंख्यावर काही नाही, कपाटाच्या मागं तर त्यांचाच चेहरा दिसला. उद्या ती पोरगी दारात येणार आणि रिकाम्या हातानं परत जाणार. त्या घरातून आजवर कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नव्हतं.

मग त्यांनी तेच केलं, जे घरात एखादी वस्तू कमी पडली की गल्लीतली प्रत्येक बाई करते. एक स्टीलची वाटी घेतली, पदराखाली झाकली आणि शेजारी गेल्या.

पहिलं घर स्नेहलचं. तिचा भार्गव तीन वर्षांचा.

"स्नेहल, वाटीभर धूळ आहे का वं तुह्याकडं? उसनी."

स्नेहलला आधी वाटलं, काकूंना ऊन लागलं. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहरा ताठ झाला. "धूळ? आमच्याकडं? काकू, रोज व्हॅक्यूम फिरतो आमच्या घरात!"

"तसं नाही वं, मी काही नावं ठेवून नाही राहिली..."

"साखर मागा, बेसन मागा. पण धूळ नाही हो आमच्याकडं."

दुसरं घर शर्मिष्ठाचं. ती लहान मुलांचे चित्रकलेचे वर्ग घ्यायची. "माझ्याकडं रोज बारा पोट्टे येतात, काकू, तरी एक कण दाखवा. पाय पुसल्याशिवाय आत घेतच नाही."

तिसरं घर साहू भाभींचं. त्यांचा नातू चीकू दीड वर्षांचा, ईराचा सवंगडी. भाभींनी तर दोन्ही कानांना हात लावले. "हाय राम! मोर घर मा धुर्रा? दीदी, तुमने क्या देखा ऐसा?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा वनमालाबाई रिकामी वाटी घेऊन घरी आल्या. सगळ्या शहराच्या डोक्यावर जी भुकटी फुकट पडते, ती गल्लीत कुणाकडंच नव्हती!

पण दुपार कलली आणि मागचं दार हळूच वाजलं. स्नेहल उभी होती. हातात पावडरचा जुना डबा.

"मिळाली थोडी," ती कुजबुजली. "पण काकू, कोणाला सांगू नका. भार्गवचे बाबा पण नाही. ईराची शपथ घ्या."

वनमालाबाईंनी शपथ घेतली. अर्ध्या तासानं शर्मिष्ठा आली, ड्रॉइंगच्या कागदाची पुडी घेऊन. तिनंही ईराची शपथ घ्यायला लावली. साहू भाभी दिवेलागणीनंतर आल्या त्या मोकळ्या हातानं, फक्त निरोप द्यायला. "दीदी, दिया-बाती हो गई. संझा के बाद घर का कचरा बाहर नहीं देते, लक्ष्मी जाती है. सुबह पक्का लाऊंगी. फेर कोनो ला बताहू झन!"

"नाही सांगत, भाभी. शपथ आहे."

"ईरा की?"

"हो वं बाई, तिचीच."

सकाळी भाभींनी चीकूच्या दुधाच्या डब्यात धूळ आणून दिली. आता सगळा माल जमला. पण तो जसाच्या तसा परक्याच्या हाती कसा द्यायचा? वनमालाबाईंनी चहाच्या गाळणीनं धूळ गाळली. केस वेचले, मोहरीचा एक दाणा वेचला, एक शिसपेन्सिलीचं टोक वेचलं. शेजारणींचे डबे शंकरपाळे भरून परत पाठवले. प्रत्येकीची उरलेली धूळ मात्र फेकवेना. दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय टाकायची कशी? ती वेगवेगळ्या पुड्यांत बांधून त्यांनी कपाटात ठेवली.

पाकीट बंद करताना पुन्हा मन खाऊ लागलं. नाव आपल्या घराचं आणि आत आपलं काहीच नाही? म्हणून त्यांनी हॉलच्या खिडकीच्या खाचेत बोट फिरवलं. चिमूटभर भुकटी निघाली. अर्धी पाकिटात घातली, अर्धी चौथ्या पुडीत. आता ते पूर्ण खोटं नव्हतं.

गंधाली आली. पाठीवर पिशवी, केसांत पेन, बोलणं मऊ. तिनं पाकीट उजेडात धरलं.

"काकू, इतकी छान धूळ मी पाहिलीच नाही!"

"निवडून दिली बेटा," वनमालाबाई म्हणाल्या, आणि जीभ चावली.

तीन आठवड्यांनी, एका रविवारी, गंधाली अहवाल घेऊन पुन्हा आली. या वेळी ती चहाला नाही म्हणाली, तेव्हाच घरातली हवा बदलली.

"अपर्णा दीदी, शिसं खूप निघालंय. मी दोनदा तपासलं. शिसं दिसत नाही, त्याला वासही नाही. पण मूल रांगतं, बोटं चोखतं, तसं ते पोटात जातं. लगेच काही कळत नाही, पण हळूहळू डोक्यावर, शिकण्यावर परिणाम होतो. घाबरू नका, पण ईराच्या रक्ताची तपासणी करून घ्या."

अपर्णानं ईराला उचलून छातीशी धरलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आम्ही तर इतकं स्वच्छ ठेवतो... आईंनी तर..."

वनमालाबाईंना आधी एकदम हलकं वाटलं. ही धूळ आपली थोडीच आहे! आपली पोट्टी सुटली. पण तो हलकेपणा दोन श्वासही टिकला नाही. आपली सुटली, मग कुणाची सापडली? भार्गव? चीकू? शर्मिष्ठाकडं येणारी बारा लेकरं? त्यांच्या आया आत्ता घरात निवांत बसल्या होत्या, आणि शिसं कुणाच्या तरी अंगणात रांगत होतं. सांगावं तर तीन शपथा, त्याही नातीच्या. न सांगावं तर दुसऱ्याचं लेकरू.

त्यांनी पदर खोचला. जात्यावर बसताना बाई जसा खोचते, तसा.

"गंधाली, ते धूळ माही नव्हती."

"म्हणजे?"

"मी चौथ्या दिवशीच झाडलं. माह्यानं नाही राहवलं. मंग तीन घरून उसनी आणली."

अपर्णाचं रडणं थांबलं. तोंड मात्र उघडंच राहिलं. "आई! धूळ उसनी आणली? वाटी घेऊन?"

"मंग काय परात घेऊन जाऊ?"

गंधालीनं डोक्याला हात लावला. तिची सहा महिन्यांची मेहनत, तिचे तक्ते, तिचे आलेख डोळ्यांसमोरून वाहून गेले असावेत. पण ती ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "कोणाकोणाच्या घरची होती?"

"नाव नाही सांगणार. ईराची शपथ घेतली आहे." वनमालाबाई उठल्या आणि कपाटातून पुड्या आणून तिच्यापुढं एका रांगेत मांडल्या. "पण हे पाह्य. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. थोडी थोडी उरली होती. आणि हे चार नंबर, चिमूटभर. तू अलग अलग तपास. ज्या नंबरात शिसं निघन, त्या दारी मी सोता जाईन. पाय धरीन त्या माउलीचे, पण लेकराले दवाखान्यात घेऊन जाईन. शपथ माही, पाप माहं."

गंधाली त्या पुड्यांकडं बघत राहिली. मग हसली. "काकू, आमच्या प्रयोगशाळेतसुद्धा नमुने इतके नीट नाही ठेवत कोणी."

चार दिवस वनमालाबाईंनी अन्न जेमतेम खाल्लं. भार्गव रस्त्यावर सायकल चालवताना दिसला की त्याच्या कपाळाला हात लावून बघायच्या. चीकूला मांडीवर घेऊन उगाच म्हणायच्या, "एक ते पाच म्हण रे राजा." चीकूला अजून दोनही येत नव्हते, तर त्या घरी जाऊन रडल्या.

पाचव्या दिवशी गंधाली आली. या वेळी तिच्या हातात शिसं मोजणारं, बंदुकीसारखं एक यंत्र होतं.

"एक, दोन, तीन, सगळे ठीक आहेत," ती म्हणाली. "सगळं शिसं चार नंबरात आहे. काकू, चार नंबर कोणाचा?"

अपर्णानं सासूकडं पाहिलं.

"माहा," वनमालाबाई म्हणाल्या.

गंधालीनं यंत्र भिंतीला लावलं. दाराला लावलं. ईराच्या खेळण्यांना लावलं. मग खिडकीच्या चौकटीला लावलं, तसा यंत्रावरचा आकडा उड्या मारत वर गेला. हिरव्या रंगाची ती चौकट, हिरव्याखाली जुना पिवळा थर. वनमालाबाईंचे दिवंगत यजमान दिवाकरराव, त्यांनी सुट्टी काढून, शिट्टी वाजवत वाजवत स्वतः रंगवलेली. ईरा रोज तिलाच धरून उभी राहायची आणि बाहेरची गाय बघता बघता चौकट चाटायची.

"जुन्या काळच्या रंगात शिसं असायचं, काकू. पण नुसता रंग असता तर इतकी भुकटी पडली नसती. हा रंग कोणी घासतं का?"

"रोज," वनमालाबाई हळूच म्हणाल्या. "काथ्यानं. चाळीस वर्षं झाले."

  ज्या हातांनी नातीची वाट आवरली, त्याच हातांनी ती भुकटी रोज थोडी थोडी सांडली होती. वनमालाबाई खाली बसल्या. अपर्णा त्यांच्या शेजारी फरशीवर येऊन बसली आणि सासूचा काथ्यानं खरबरीत झालेला हात तिनं आपल्या हातात घेतला.

"आई, तुम्ही बोलल्या नसत्या, तर आपण हॉलची फरशी बदलत बसलो असतो. खिडकी तशीच राहिली असती."

"मले वाटलं, मी तिले जपून राहिली."

"जपलंच की. खरं बोलायला तुमच्याएवढी छाती माझी नसती झाली."

पुढचं सगळं वनमालाबाईंनी स्वतः उभं राहून करून घेतलं. ईराचं रक्त तपासलं. शिसं थोडं जास्त होतं, पण डॉक्टर म्हणाले, कारण सापडलंय, आता ते उतरेल. कोरडं झाडणं कमी करा, ओल्या फडक्यानं पुसा, हात धुवा, तीन महिन्यांनी पुन्हा या. चौकट काढताना गंधालीनं सांगितलं तसं पाणी मारून, प्लॅस्टिकात गुंडाळून काढली. चौकट घराबाहेर जाताना वनमालाबाईंनी तिला एकदा हात जोडले. रंग कसाही असो, दिवाकररावांची शिट्टी चांगली होती.

मग त्या तिन्ही घरी गेल्या. शपथ पाळून, एकेकीला एकटीला गाठून सांगितलं, "तुह्या घरची धूळ पास झाली. खराबी माह्याच घरची होती."

त्यांना वाटलं, विषय संपला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहू भाभींचा आवाज भिंतीवरून अख्ख्या गल्लीत गेला. "हमर घर के धुर्रा पास होगे! सायन्स वालों ने बोला!" ते ऐकून स्नेहलला राहवेना. "आमची पण होती त्यात! आमच्यात तर सगळ्यात कमी निघालं असेल." शर्मिष्ठा गॅलरीतून ओरडली, "तुझीच कमी काहून? माझी पण पास झाली!" महिनाभरापूर्वी जी धूळ कुणाच्याच घरात नव्हती, तिच्यावर आता तिघी हक्क सांगत होत्या.

संध्याकाळी गंधाली नव्या खिडकीची तपासणी करायला आली, तेव्हा तिघीही बघायला जमल्या. भार्गव आईचा पदर धरून होता. स्नेहलनं वनमालाबाईंच्या खांद्यावर दयेनं हात ठेवला. "होतं असं, काकू. सगळ्यांना जमत नाही स्वच्छता."

अपर्णा उसळणार, तोच गंधाली वहीत टिपत म्हणाली, "चला, माझं काम सोपं झालं. या तिन्ही घरांची धूळ चांगली आहे, म्हणजे तिथल्या मुलांना तपासायला नको. शिसं सापडल्यावर या गल्लीतल्या सगळ्या मुलांची यादी केली होती, त्यातून ही घरं काढून टाकते."

साहू भाभींचं हसू विरलं. त्यांनी चीकूकडं पाहिलं. तो अंगणातल्या पांढऱ्या खांबाचा पापुद्रा नखानं सोलत होता, घरी सोलायचा तसाच. मग त्यांनी वनमालाबाईंकडं पाहिलं. ही बाई गल्लीसमोर आपलं घर खराब म्हणून मोकळी झाली होती आणि तरी सरळ उभी होती.

"दीदी," भाभी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "वो धुर्रा मोर घर के नइ रहिस."

"मंग? तुमच्या घरची नव्हती तं कोणाची?"

"मोर भाई के घर के. अभनपुर से मंगवाई थी, सुबह की बस से. मेरे घर में उस दिन झाड़ू लग चुकी थी. आपके सामने कैसे बोलती कि थोड़ी रह गई होगी कोने में?"

सगळ्या स्नेहलकडं पाहू लागल्या, कारण स्नेहलनं उगाच घसा साफ केला होता. "माझी... माझ्या ऑफिसातल्या गालिच्याची होती," ती म्हणाली. "व्हॅक्यूमची पिशवी रिकामी होती हो. काय करू?"

"आणि शर्मिष्ठा, तुझी?" अपर्णानं विचारलं.

शर्मिष्ठानं ओठ चावला. "मी स्नेहलकडून घेतली."

"अगं!" स्नेहल किंचाळली. "तू तर म्हणाली होतीस, कुंडीत टाकायला पाहिजे!"

गंधालीनं वही मिटली. चार घरांत मिळून खरी धूळ एकच निघाली होती, चिमूटभर, आणि ती वनमालाबाईंची. हसावं की रडावं, हे त्या पोरीला कळेना. वनमालाबाईंनी तिला पाणी दिलं, चीकूला उचलून त्याची बोटं धुतली आणि त्याला कडेवर घेऊनच तिघींकडं वळल्या. आवाज चढवला नाही. पाळण्याशी बोलताना असतो, तेवढाच ठेवला.

"लाजता काहून वं? धूळ काही चोरी नव्हे. लेकरं आहेत तिथी धूळ राहीनच. आता सगळ्याजणी मिळून खरं सांगा, या पोरीले पुन्हा चक्कर नको. धूळ कोणाकोणाकडं आहे?"

 आधी साहू भाभींचा हात वर गेला. मग शर्मिष्ठाचा, मग स्नेहलचा. भार्गवला वाटलं काहीतरी वाटप आहे, म्हणून त्यानं दोन्ही हात वर केले.